मंगळवार तळ्यापासून पायी: साताऱ्याच्या जुन्या पेठांची फेरी, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्याच्या जुन्या पेठांमधली तळी, हौद आणि वाडे बघत कुणाच्याही सोबतीशिवाय फिरता यावं, म्हणून मी एक पायवाट कागदावर आखून दिली होती. तो कागद हातोहात फिरला आणि प्रश्न यायला लागले. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केलेत. सोपे आधी, अडचणीचे शेवटी. एकाच गोष्टीबद्दल दोनदा लिहायचं टाळलंय. जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. ही फेरी नेमकी कशाची? किल्ला आहे का यात?

किल्ला नाही. अजिंक्यतारा फेरीभर डोक्यावर दिसत राहतो, पण चढायचा नाही (चढायचाच असेल तर प्र. १५). ही फेरी किल्ल्याच्या पायथ्याला वसलेल्या गावाची आहे. १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला आणि मराठ्यांची राजधानी इथे स्थिरावली. माणसं गडावरून आणि चहूकडून खाली येऊन राहू लागली, पेठा वसल्या. पेठा वसवायच्या तर आधी पाणी हवं. साताऱ्याच्या शेजारून वेण्णा वाहते, पण ती खाली आहे आणि गाव वर उतारावर. त्यामुळे नदीकाठच्या गावासारखी रचना इथे झालीच नाही. डोंगराचं पाणी अडवून, तळ्यांत आणि हौदांत साठवून त्याच्या आसपास घरं उभी राहिली. माझं म्हणणं एवढंच आहे की सातारा समजून घ्यायचा असेल तर राजांच्या यादीपेक्षा पाण्याची वाट धरावी. ही फेरी तशीच आखली आहे.

२. सुरुवात मंगळवार तळ्यापासून का? सगळे तर राजवाड्यापासून सुरू करतात.

राजवाड्यापासून सुरू केलं की पहिल्या दहा मिनिटांत सगळं मोठं बघून होतं, मग पेठांतली बारीकसारीक गोष्ट नजरेत भरत नाही. मंगळवार तळं गावाच्या पश्चिम अंगाला आहे, म्हणजे ज्या बाजूने डोंगराचं पाणी गावात येतं त्या बाजूला. तिथून राजवाडा, मोती चौक आणि पुढे राजपथाने चाललं की आपण साधारण पाण्याच्या दिशेनेच चालतो. शिवाय सकाळी तळ्यावर निवांत असतं, बाजारपेठ उशिरा जागी होते. वेळेचाही मेळ बसतो.

३. एकूण किती चालायचं? किती वेळ धरावा?

फेरी अंदाजे तीन किलोमीटरची. नुसतं चालायला तासाभराच्या आतबाहेर. पण नुसतं चालायला कोण येतं? थांबत, बघत, मध्ये चहा घेत दोन ते अडीच तास धरा. चढ फारसा नाही, उतार आहे. शेवटी खालच्या रस्त्यावरून मोती चौकात परत यायला मात्र थोडं वर यावं लागतं.

४. "वरचा रस्ता" आणि "खालचा रस्ता" म्हणजे काय? नकाशात हे सापडत नाही.

नकाशात सापडणारही नाही. साताऱ्यात पत्ता सांगताना वर-खाली हीच दिशा. अजिंक्यतारा दक्षिणेला, त्याच्याकडे जायचं ते वर, त्याच्यापासून दूर ते खाली. पोवई नाक्यापासून राजवाड्याकडे येणारे दोन मोठे समांतर रस्ते आहेत. किल्ल्याच्या बाजूचा राजपथ, तो वरचा रस्ता. उत्तरेकडचा कर्मवीर पथ, तो खालचा रस्ता. राधिका रस्ता त्याच्याही खाली. एखाद्या आजोबांनी "असं करा, वरनं जावा आणि खालनं या" असं सांगितलं तर ते तुम्हाला संपूर्ण फेरी सांगून मोकळे झालेत.

कर्मवीर म्हणजे भाऊराव पाटील. रयत शिक्षण संस्था त्यांनी १९१९ साली काले इथे स्थापन केली आणि १९२४ मध्ये तिचं ठाणं साताऱ्यात आणलं.

५. पोहोचायचं कसं? गाडी कुठे लावायची?

एसटीने आलात तर बसस्थानकातून राजवाड्याची शहर बस किंवा रिक्षा घ्या. राजवाडा हेही शहर बसचं ठाणंच आहे. तिथून मंगळवार तळ्याकडे चालत जाता येतं. रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, स्टेशन गावात नाही, माहुलीच्या बाजूला आहे. गावात यायला पुन्हा रिक्षा किंवा बस लागते.

चारचाकी असेल तर ती पेठांत घालू नका. हे विनंती म्हणून नाही, सल्ला म्हणून सांगतोय. पेठांतले बोळ बैलगाडीच्या हिशेबाने आखलेले, समोरून दुसरी गाडी आली की दोघांपैकी एकाला मागे जावं लागतं आणि तो एक तुम्हीच असता. राजवाड्यासमोरच्या मैदानाच्या आसपास किंवा पोवई नाक्याच्या बाजूला जागा बघा.

६. रस्ता कसा जातो ते एकदा सलग सांगाल का?

सांगतो.

मंगळवार तळं, चारही बाजूंनी बघून घ्या. तिथून राजवाड्याकडे या. राजवाड्याच्या परिसरात मोती तळंही आहे, ते चुकवू नका. मंगळवार तळं बघून आल्यावर दोघांतला फरक आपोआप दिसतो. राजवाड्यासमोरून मोती चौक. इथून राजपथ धरा, म्हणजे वरचा रस्ता. देवी चौक, पुढे कमानी हौद, पुढे शेटे चौक. शेटे चौकातून खाली उतरून कर्मवीर पथाला लागा आणि पश्चिमेकडे वळा. पाचशे एक पाटी नावाच्या चौकावरून पुन्हा मोती चौक.

गणपतीची मिरवणूक बऱ्याच अंशी याच वाटेने फिरते, त्यामुळे वाट चुकलात तर कुणालाही "मिरवणुकीचा रस्ता कुठला" असं विचारलं तरी चालेल. मोठ्या रस्त्यावरून चालायला सांगितलंय ते फक्त दिशा राहावी म्हणून. खरी मजा आजूबाजूच्या आळ्यांत आहे. प्रत्येक चौकातून एखाद्या बोळात शंभर पावलं आत जा, परत या. खण आळी नक्की बघा.

७. तळ्यांत पाणी येतं कुठून? पाऊस संपल्यावरही कसं टिकतं?

हा माझा आवडता प्रश्न, म्हणून उत्तर जरा लांब.

गावाच्या पश्चिमेला यवतेश्वराचा डोंगर आहे. आपल्याकडच्या काळ्या कातळाचा स्वभाव असा की थरावर थर असतात. भेगाळ, सच्छिद्र थरात पाणी मुरतं आणि खालच्या घट्ट थरावर अडतं. मग ते आडवं सरकत डोंगराच्या कुशीतून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. पावसाळ्यात मुरलेलं पाणी असं पुढे कितीतरी महिने झिरपत राहतं. महादऱ्याच्या बाजूला हे पाणी तलावात अडवलं होतं. तिथल्या तळ्याला हत्ती तळं म्हणतात. तिथून ते नळांनी गावात आणून हौदांत सोडलेलं.

पंप नव्हते, वीज नव्हती. सगळं काम उताराचं. स्रोत उंचावर आणि हौद खाली, एवढ्यावर व्यवस्था चालते. अट एकच की वाटेत नळ कुठेही खचता कामा नये आणि गळता कामा नये. त्या काळी भाजलेल्या मातीचे खापरी नळ एकात एक बसवून चुन्याने सांधत. वाटेत छोटी टाकी ठेवली की गाळ तिथे बसायचा आणि पुढे निवळ पाणी जायचं. पुण्यात पेशव्यांनी कात्रजचं पाणी शनिवारवाड्यापर्यंत नेलं ते याच तत्त्वावर.

आणि ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. आजही गावाच्या पश्चिम भागातल्या पेठांना कास तलावाचं पाणी येतं, तेही उतारानेच. वाटेत सांबरवाडीला शुद्ध होतं आणि खाली गावात येतं. जुन्या पेठांतला माणूस "आमच्याकडं कासचं पाणी" हे ज्या थाटात सांगतो, त्या थाटात इतर गावांत लोक बंगल्याबद्दल बोलतात.

८. हौद म्हणजे पाण्याची टाकीच ना? त्यात बघण्यासारखं काय?

टाकी आणि हौद यांत फरक माणसांचा आहे. टाकी घराच्या मालकीची, हौद आळीचा. कमानी हौदापाशी उभं राहून बघा: नावाप्रमाणे दगडी कमानी आहेत, आणि तो बरोबर वाहत्या रस्त्यावर आहे, कुणाच्या परसात नाही. पाणी भरायला आळी जमते तिथे निरोप, भांडणं, सोयरिकी, सगळं जमतं. म्हणूनच घरोघरी नळ आल्यावर हौदांचं पाणी भरणं थांबलं तरी चौकाला नाव हौदाचंच राहिलं. पंचपाळी हौदाचंही तेच. तो या फेरीच्या आखलेल्या वाटेवर नाही, पण वेळ असेल तर विचारत जा, दुर्गामातेच्या देवळाची खूण सांगतील.

हौदापाशी दगडाच्या कडा बघा. घडीव दगडाची नवी धार हाताला टोचते. वापरातली कड गुळगुळीत झालेली असते आणि मधोमध किंचित दबलेली. घागर टेकवायची जागा सगळ्यांची एकच असते. रंगवलेल्या किंवा सिमेंटने लिंपलेल्या भागात हे दिसणार नाही, उघडा दगड शोधा.

९. पेठांची नावं वारांची का? आणि काही तशी का नाहीत?

वारांच्या पेठा पुण्यातही आहेत, ती पद्धतच होती. साताऱ्यात सोमवारपासून रविवारपर्यंत सगळे वार सापडतात. त्याशिवाय यादोगोपाळ, चिमणपुरा, व्यंकटपुरा, बसाप्पा, केसरकर, मल्हार, माची, प्रतापगंज अशा पेठा आहेत, आणि रामाचा गोट, पंताचा गोट असे गोटही (गोट म्हणजे छावणी). फेरीत हे पाठ करायची गरज नाही. दुकानांच्या पाट्यांवर पेठेचं नाव असतं, ते वाचत चाला. हद्द कुठे बदलली ते कळत जाईल.

१०. वाडा ओळखायचा कसा? आम्हाला सगळी जुनी घरं सारखीच दिसतात.

खालून वर बघत जा.

आधी जोतं, म्हणजे घराचा चौथरा. घडीव काळ्या दगडाचं, कमरेइतकं किंवा त्याहून उंच. उतारावरच्या घराचं जोतं एका टोकाला बुटकं आणि दुसऱ्या टोकाला उंच असतं, कारण जमीन उतरते पण घर सपाट हवं. साताऱ्यात हे फार छान दिसतं. बोळाच्या तोंडाशी उभं राहून जोत्याची वरची रेघ बघा आणि खाली रस्ता बघा.

जोत्याच्या वर विटा, त्यावर चुन्याचा गिलावा. दगड खाली आणि वीट वर यामागे खर्चही आहे आणि शहाणपणही: ओल जमिनीतून चढते, ती दगडात अडते.

मग दरवाजा. मोठ्या दाराच्या एका फळीत छोटी दिंडी असते. रोजची ये-जा तिच्यातून, आणि वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. चौकटीच्या वर गणेशपट्टी. दारापुढे ओटा, ओट्यावर बहुतेक वेळा एखादी स्कूटर.

वरच्या मजल्यावर लाकूड बघा. सागवानी खांब, त्यावर हस्त (आधाराचे लाकडी हात), त्यावर तुळई, आणि तुळयांवर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचं छत. खांबांमधल्या लाकडी महिरपी दिसल्या तर वाडा बऱ्यापैकी ऐपतदार घराचा. आतल्या चौकाबद्दल पुढच्या उत्तरात.

एक फसगत टाळा. जुनी दिसणारी, पण पुढे लोखंडी कठड्याची सज्जावजा गॅलरी आणि खाली गाळे असलेली घरं बहुतेक नंतरची असतात. तीही देखणी आहेत, पण त्यांची गोष्ट वेगळी, बाजारपेठेची.

११. वाड्याच्या आत जाता येतं का?

ही राहती घरं आहेत. दार उघडं दिसलं म्हणून आत शिरू नका. पेठांत दारं दिवसभर उघडीच असतात, ते काही आमंत्रण नसतं. ओट्यावर कुणी बसलेलं असेल तर बाहेरूनच विचारा: "काका, वाडा बाहेरनं बघत होतो, चौक बघता येईल का?" बहुतेक वेळा "या की" असं उत्तर येतं. चपला बाहेर काढा. आत गेलात तर मधला चौक, चौकाभोवतीचे सोपे (ओसऱ्या), तुळशीवृंदावन आणि एखादा आड दिसेल. माजघराच्या पुढे पाऊल टाकू नका. फोटो काढायचा तर पुन्हा विचारा, आणि वाळत घातलेले कपडे, माणसं, देवघर यांचे काढूच नका.

दुपारी एक ते चार कुणालाही उठवू नका. पुण्यालाच यासाठी नावं ठेवतात, पण सातारकरही वामकुक्षीच्या बाबतीत काही कमी नाही.

आणि "नाही" म्हणाले तर रागावू नका. एका वाड्यात आज तीन-चार बिऱ्हाडं, वाटण्या, भाडेकरूंचे दावे असं काहीही चालू असू शकतं, आणि हातात कॅमेरा घेतलेला अनोळखी माणूस त्यांना बिल्डरचा वाटतो.

१२. राजवाडा जुना कुठला, नवा कुठला? आतून दाखवतात का?

दोन्ही एकमेकांना लागून आहेत. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. जुना राजवाडा महाराजांनी १८२४ मध्ये बांधला. नव्याचं काम १८३८ ते १८४४ या काळातलं. या तारखांमध्ये एक बोच आहे: नव्या वाड्याचं काम चालू असतानाच, सप्टेंबर १८३९ मध्ये इंग्रजांनी महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवलं. १८४७ मध्ये ते तिकडेच वारले. १८४८ मध्ये गादीवरच्या पुढच्या राजाचा दत्तक वारस नामंजूर करून डलहौसीने राज्यच खालसा केलं. महाराजांना न्याय मिळावा म्हणून त्यांचे वकील रंगो बापूजी विलायतेत वर्षानुवर्षं झगडत राहिले, ते याच गादीसाठी.

आतून बघायला मिळेलच असं धरून येऊ नका. इमारतींचा वापर वेळोवेळी बदलत गेला आहे आणि लाकडी भाग नाजूक झालेत. बाहेरून दर्शनी भाग, खांब, मजल्यांची ठेवण नीट बघा. त्यालाच अर्धा तास लागतो.

१३. डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले ती शाळा राजवाड्यातलीच का? आणि जलमंदिर?

हो, तीच. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत दाखल झालं. शाळा राजवाड्यात भरत असे, आज तिचं नाव प्रतापसिंह हायस्कूल. ७ नोव्हेंबर हा दिवस राज्यभर विद्यार्थी दिन म्हणून पाळतात, त्या दिवशी इथे मोठी गर्दी असते. शाळेच्या वेळात मुलांचा अभ्यास चाललेला असतो, तेव्हा बाहेरूनच नमस्कार करा किंवा कार्यालयात रीतसर विचारा.

जलमंदिर हे छत्रपतींच्या वंशजांचं राहतं घर. प्र. ११ मधला नियम इथे दुप्पट लागू. दसऱ्याला भवानी तलवारीची मिरवणूक जलमंदिरातून निघून पोवई नाक्यावरच्या शिवतीर्थापर्यंत जाते. ती बघायची असेल तर फेरी त्या दिवशी करू नका, मिरवणूकच बघा.

१४. कधी यावं? गणपतीत आलो तर?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सुखाचं. तळ्यांत पाणी असतं, ऊन कोवळं असतं. पावसाळ्यात डोंगर देखणा दिसतो, पण दगडी पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि बोळांत पाणी वाहतं. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातला सुरू करून साडेनऊला आटपा. कासची फुलं बघायला सप्टेंबरात येणाऱ्यांनी ही फेरी पहाटे किंवा संध्याकाळी बसवावी, शनिवार-रविवार टाळावा.

गणपतीत या, पण फेरीच्या अपेक्षेने नको. मांडवांमुळे वाड्यांचे दर्शनी भाग झाकलेले असतात. त्याऐवजी संध्याकाळी फुटका तलाव बघा. तिथे गणपती तलावातच बसवतात आणि दिव्यांचा उजेड पाण्यावर पडतो. इतर दिवसांत फुटका तलाव हा फेरीला जोडून घ्यायचा फाटा, कमानी हौदाच्या आसपास विचारलंत तर कुणीही वाट दाखवेल.

विसर्जनाबद्दल फार जण विचारतात. मंगळवार तळ्यात पूर्वी मोठ्या मूर्तींचं विसर्जन व्हायचं. बांधीव तळ्याला वाहता प्रवाह नसतो. प्लास्टर ऑफ पॅरिस आणि रंग तळाशी बसून राहतात, पाणी हिरवं पडतं, वास सुटतो. त्यावरून गावात बरीच वर्षं धुसफूस झाली. आता पालिका कृत्रिम तळी खोदून विसर्जनाची सोय करते. कुणी काहीही म्हणो, तळ्याकाठी राहणाऱ्यांना विचारा, कुठली व्यवस्था बरी ते.

१५. त्याच दिवशी अजिंक्यतारा किंवा चार भिंती होईल का?

चार भिंती होईल, आणि जरूर करा. किल्ल्याच्या उतारावर असल्यामुळे तिथून सगळं गाव खाली पसरलेलं दिसतं. सकाळी ज्या पेठांतून फिरलात त्यांची ठेवण वरून बघितली की "वर-खाली" नीट डोक्यात बसतं. १८५७ च्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारकही तिथे आहे. त्या साली साताऱ्यात १७ जणांना देहदंड दिला गेला.

अजिंक्यताऱ्याला वेगळा अर्धा दिवस द्या. औरंगजेबाने १७०० मध्ये महिनोन्‌महिने वेढा घालून घेतलेला किल्ला चहा पिता पिता उरकायचा म्हणजे जरा जास्तच.

१६. खायचं काय आणि कुठे?

दुकानांची नावं देत नाही, भांडणं होतात. कंदी पेढे घ्यायचे तर फेरीच्या शेवटी घ्या, मोती चौक आणि राजवाड्याच्या परिसरात दुकानं आहेत. खवा चांगला भाजलेला असला की पेढा तपकिरी दिसतो आणि पांढऱ्या पेढ्यापेक्षा जास्त दिवस टिकतो. चाखून घ्या, न चाखू देणाऱ्याकडून घेऊ नका. संध्याकाळी राजवाड्यासमोर चौपाटी भरते. समुद्र नसलेल्या गावात चौपाटी कशी, असं विचारू नका, भेळ खा.

१७. वयस्कर माणसं, लहान मुलं, चाकाची खुर्ची?

वयस्करांसाठी फेरी अर्धी करा: मंगळवार तळं ते मोती चौक, मग रिक्षा. बसायला अधिकृत बाकं कमी, पण देवळांचे कट्टे भरपूर. चाकाच्या खुर्चीला मुख्य रस्ते जमतील, पदपथ मात्र सलग नाहीत आणि त्यावर माल मांडलेला असतो. आळ्या जमणार नाहीत. स्वच्छतागृहाची सोय निघण्याआधीच बघून घ्या, पेठांत शोधत बसावं लागतं.

लहान मुलांबद्दल एकच: तळ्यापाशी हात सोडू नका. कारण पुढे.

१८. तळ्याच्या पायऱ्या उतरू का? पाण्यात पाय सोडले तर?

नको. बांधीव तळ्याला नदीसारखा हळूहळू खोल होत जाणारा काठ नसतो. पायऱ्या जिथे संपतात तिथे भिंत सरळ खाली जाते, आणि पाण्याखालची शेवटची पायरी कुठली ते वरून कळत नाही. त्यात शेवाळ. पोहायचा तर विचारही नको. फाटक बंद असेल तर काठावरूनच बघा. उडी मारून आत जाऊ नका. मंगळवार तळं आणि मोती तळं ही राजघराण्याची मिळकत आहे, सार्वजनिक घाट नाही.

निर्माल्य टाकू नका हे सांगावं लागू नये, पण सांगतो. माशांना पाव किंवा चुरमुरे टाकणं हेही पुण्याचं काम नाही. न खाल्लेलं सडतं आणि पाण्यातला प्राणवायू कमी होतो.

१९. आम्ही पंधरा-वीस जणांचा गट घेऊन येतोय. परवानगी लागते का?

रस्त्यावरून चालायला परवानगी कसली! पण वीस माणसं एका बोळात उभी राहिली की बोळ बंद. पाच-सहा जणांच्या तुकड्या करा, दहा मिनिटांच्या अंतराने सोडा. गळ्यात अडकवलेला स्पीकर वापरू नका. ड्रोन उडवायचा असेल तर पोलिसांकडे आधी चौकशी करा, आणि मिळाली परवानगी तरी लोकांच्या चौकांवरून उडवू नका. वाड्याचा मधला चौक वरून उघडा असतो, म्हणजे ते वरून उघडं घरच.

२०. तुमच्या कागदावर वाडा दाखवलाय, तिथे तर चार मजली इमारत आहे!

असं होणार. लाकूड कुजतं, वाटण्या होतात, दुरुस्तीचा खर्च कुणी एकट्याने करत नाही, आणि मोकळ्या चौकाच्या जागेवर किती सदनिका बसतील ते सगळ्यांना कळतं. तिथे राहणाऱ्यांना पावसाळ्यात गळक्या माळ्याखाली झोपून वारसा जपा, असं बाहेरून येणाऱ्याने सांगणं मला पटत नाही. पण पाडताना घडीव दगड, खांब आणि गणेशपट्टी भंगारात जातात, त्याचं वाईट वाटतं. नव्या इमारतीपाशी थांबून खाली बघा: पुष्कळदा जुन्या जोत्याचे दगड कुंपणाच्या भिंतीत किंवा पायरीला वापरलेले सापडतात. वाडा गेल्याचं कळवत राहा, मी कागद दुरुस्त करतो.

२१. आमच्या पणजोबांचा वाडा साताऱ्यात होता म्हणे. एवढंच माहीत आहे. शोधता येईल का?

पेठेचं नाव माहीत असेल तर आशा आहे, नसेल तर आधी घरात शोधा. जुन्या लग्नपत्रिका, पोस्टकार्डं, शाळा सोडल्याचे दाखले यांवर पेठ लिहिलेली असते. पुण्यातही त्याच वाराची पेठ असू शकते, तेव्हा पुढे सातारा आहे ना ते बघा.

पेठ कळली की नगर भूमापन कार्यालय. तिथे मिळकत पत्रिका निघते, तिच्यावर सिटी सर्व्हे क्रमांक आणि मालकी कशी बदलत गेली त्याच्या नोंदी असतात. क्रमांक माहीत नसेल तर पेठ आणि आडनाव घेऊन पालिकेच्या घरपट्टीच्या जुन्या नोंदींपासून सुरुवात करता येते. भूमापन होण्याआधीच वाडा विकला असेल तर पत्रिकेवर तुमचं नाव नसणार. मग जुनी खरेदीखतं, आणि ती मोडी लिपीत असण्याची शक्यता भरपूर. मोडी वाचणारे अजून मिळतात, कागदाचा स्वच्छ फोटो काढून ठेवा, मूळ कागद हातोहात फिरवू नका.

आणि जागा सापडली, तर दार वाजवताना पहिल्याच वाक्यात सांगून टाका की हक्क सांगायला आलो नाही, बघायला आलोय. त्याशिवाय पुढचं बोलणं होत नाही.